‘मधमाश्या आणि दूरची मेघगर्जना’: पियानोवरची प्रतिभा पडद्यावर ऐकू कशी येते?

प्रतिभावान वादकावर सिनेमा काढायचा म्हटला की एक अडचण ठरलेली. पडद्यावरचं पोर अलौकिक आहे हे प्रेक्षकाला पटवायचं कसं? बहुतेक सिनेमे सोपी वाट धरतात. बोटं भराभर फिरतात, समोरच्या बुजुर्गांचे डोळे पाणावतात, सभागृह उठून टाळ्या वाजवतं. आपणही मान्य करून टाकतो. पण ते मान्य केलेलं असतं दिग्दर्शकाच्या शब्दावर. आपल्या कानाने काही ठरवलेलं नसतं.

४ ऑक्टोबर २०१९ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झालेला ‘मित्सुबाची तो एनराई’, म्हणजे ‘मधमाश्या आणि दूरची मेघगर्जना’, हा सिनेमा मला महत्त्वाचा वाटतो तो इथेच. जपानबाहेर तो ‘लिसन टू द युनिव्हर्स’ या नावाने गेला. त्यात चार वादक आहेत. चौघांनाही एकच नवी रचना वाजवायला दिली जाते आणि त्या रचनेत एक जागा रिकामी सोडलेली असते. ती ज्याने त्याने आपल्या मनाने भरायची. मग कोण कसा आहे हे दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही. पाश्चात्त्य अभिजात संगीत आयुष्यात कधी न ऐकलेल्या माणसालाही तो फरक कळतो. हे कसं साधलं ते समजायला थोडी स्पर्धेची, थोडी पियानोच्या पोटातल्या यंत्राची आणि थोडी ‘कडेन्झा’ नावाच्या प्रकाराची ओळख हवी.

आधी गोष्ट. योशिगाए नावाच्या काल्पनिक जपानी शहरात आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धा भरते. आया एईदेन ही वीस वर्षांची मुलगी लहानपणी चमत्कार म्हणून गाजलेली. आईच तिची गुरू. आया तेरा वर्षांची असताना आई गेली, आणि त्यानंतरच्या एका कार्यक्रमात आया वाद्यवृंदासमोरून तशीच उठून निघून गेली. त्याला सात वर्षं झाली आहेत. मासारु कार्लोस लेव्ही अनातोल हा एकोणीस वर्षांचा, न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या नामांकित संगीतशाळेत शिकणारा, देखणा, तयारीचा, सगळ्यांच्या मते विजेता. लहानपणी त्याला पियानोची गोडी लावली ती आयाने आणि तिच्या आईने. आकाशी ताकाशिमा अठ्ठावीस वर्षांचा, वाद्यांच्या दुकानात नोकरी करणारा, घरी बायको आणि लहान मुलगा. वयोमर्यादेमुळे त्याची ही शेवटची संधी. आणि चौथा जिन काझामा, सोळा वर्षांचा. वडील मधमाश्या पाळतात आणि फुलोऱ्यामागे गावोगाव फिरतात, त्यामुळे घरात पियानोच नाही. त्याच्याकडे आहे ते नुसतं शिफारसपत्र, तेही कधी कुणाला शिष्य म्हणून न स्वीकारणाऱ्या आणि आता हयात नसलेल्या एका महान वादकाचं. पत्रात परीक्षकांना बजावलेलं असतं की हा मुलगा तुम्हाला दिलेली देणगी आहे, पण औषध जालीम आहे. पचवायचं कसं ते तुम्ही बघा. जिनचं वादन ऐकून काही परीक्षक भारावतात आणि काही अक्षरशः संतापतात.

मूळ कादंबरी रिकु ओंदा यांची, २०१६ ची, पाचशेहून जास्त पानांची. तिला नाओकी हा जपानमधला मानाचा साहित्यपुरस्कार मिळाला आणि जपानभरच्या पुस्तकविक्रेत्यांनी मतं देऊन निवडलेला ‘होन्या ताइशो’ हा पुरस्कारही. एकाच पुस्तकाला हे दोन्ही मिळण्याची ती पहिली वेळ. एवढ्या मोठ्या कादंबरीतलं नव्वद टक्के म्हणजे संगीत ऐकताना माणसांच्या मनात काय चालतं त्याचं वर्णन. ते दोन तासांत पडद्यावर आणायला केई इशिकावा हा दिग्दर्शक निवडला गेला. त्याचं सिनेमाचं शिक्षण पोलंडमधल्या वूच शहरातल्या प्रसिद्ध फिल्म स्कूलमध्ये झालेलं, आणि कॅमेरामनही त्याने पोलंडहून आणला. तिथलं वळण सिनेमात दिसतं. भावना शब्दांत सांगायची घाई नाही, मनातला आवाज निवेदन म्हणून कानावर आदळत नाही. आयाच्या मनातलं संगीत दाखवायला पावसात, अगदी मंद गतीने धावणारा काळा घोडा येतो. लहानपणी पत्र्यावर पडणाऱ्या पावसात तिला टापांचा ठेका ऐकू यायचा, त्याचं हे चित्र. स्पष्टीकरण कुणी देत नाही.

स्पर्धेचं शहर

योशिगाए काल्पनिक असलं तरी त्यामागचं शहर खरं आहे: शिझुओका प्रांतातलं हामामात्सु. १८८७ मध्ये तोराकुसु यामाहा नावाचा एक कारागीर तिथे वैद्यकीय उपकरणं दुरुस्त करायला आला होता. शाळेतला अमेरिकेहून आणलेला ऑर्गन बिघडला, दुसरं कुणी मिळेना म्हणून त्याला बोलावलं. त्याने तो दुरुस्त केला, आतली रचना पाहून घेतली आणि मग स्वतःच ऑर्गन बनवायला घेतला. पुढे त्याच कारखान्यातून पियानो निघाले. १९२७ मध्ये तिथल्याच एका कारागिराने, कोइची कावाई यांनी, वेगळी कंपनी काढली. आज जगातल्या पियानो बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या, यामाहा आणि कावाई, एकाच गावच्या आहेत. यामाहाची मोटरसायकल १९५५ मध्ये याच घराण्यातून वेगळी झाली. पुण्या-नाशकात रस्त्याने जाणाऱ्या यामाहाच्या टाकीवर जे चिन्ह असतं ते एकमेकांवर ठेवलेल्या तीन ट्यूनिंग फोर्कचं, म्हणजे वाद्य सुरात लावायच्या चिमट्यांचं आहे. (मारुतीशी जोडलेली सुझुकी कंपनीही हामामात्सुचीच.)

या शहरात १९९१ पासून दर तीन वर्षांनी आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धा भरते. ओंदा यांनी तिथे प्रेक्षकांत बसून दिवसचे दिवस ऐकलं आणि त्यातून कादंबरी उभी राहिली. तिचं बीज मानली जाणारी घटना २००३ मधली आहे. राफाल ब्लेहाच हा पोलंडचा मुलगा कागदपत्रांच्या छाननीत बाद झाला होता. चाचणी वादन करून तो आत आला आणि त्या वर्षी पहिलं बक्षीस कुणालाच न दिल्यामुळे सर्वोच्च ठरलेल्या दुसऱ्या क्रमांकाचा मानकरी झाला. दोनच वर्षांनी, २००५ मध्ये, त्याने वॉर्सातली शोपँ पियानो स्पर्धा जिंकली. इतक्या निर्विवादपणे की परीक्षकांनी दुसरं बक्षीस कुणालाच दिलं नाही. २००९ चा हामामात्सु विजेता, कोरियाचा सोंग-जिन चो, यानेही पुढे २०१५ मध्ये वॉर्सात पहिला क्रमांक मिळवला. त्यामुळे कागदावर नाकारलेला मुलगा आणि बुचकळ्यात पडलेले परीक्षक हे लेखिकेने हवेतून काढलेलं नाही.

अशा स्पर्धेत फेऱ्या वाढत जातात तशी वादनाची लांबीही वाढते. कादंबरीत पहिल्या फेरीला वीस मिनिटं, दुसरीला चाळीस, तिसरीला साठ, आणि अंतिम फेरीत पूर्ण वाद्यवृंदाबरोबर कॉन्चेर्तो. सिनेमाने तिसरी फेरी गाळली आहे आणि ते योग्यच केलं. वादक स्वतःचा पियानो आणू शकत नाही. मंचावर ठेवलेल्या दोन-तीन कंपन्यांच्या पियानोंतून काही मिनिटं वाजवून एक निवडायचा, की मग तोच. हामामात्सुमध्ये दुसऱ्या फेरीसाठी जपानी संगीतकाराकडून मुद्दाम नवी रचना लिहून घेतात. नवीच असल्यामुळे तिची एकही ध्वनिफीत नसते आणि ‘अमुक उस्तादाने अशी वाजवली होती’ असं गुरूलाही सांगता येत नाही. मुलगा आणि कागद, बस्स. सिनेमाचा कणा याच फेरीवर उभा आहे.

सगळं लिहिलेलंच असेल तर फरक उरतो कुठे?

ख्याल ऐकणाऱ्या मराठी माणसाला इथे साहजिकच प्रश्न पडतो. आपल्याकडे बंदिश चार ओळींची, बाकी तासभर गवयाची उपज. तिकडे तर प्रत्येक स्वर, त्याची लांबी, तो मोठा की हलका, सगळं कागदावर उतरवलेलं. मग एकाला प्रतिभावंत आणि दुसऱ्याला नुसता तयारीचा म्हणायचं कशावरून?

पियानोच्या आत डोकावलं तर प्रश्न आणखी अवघड होतो. पट्टी दाबली की एक लाकडी हातोडी तारेकडे झेपावते. तिच्या तोंडाला दाबून बसवलेली लोकर असते. पण वादकाचं बोट हातोडीला तारेपर्यंत पोचवत नाही. तार जवळ आली की यंत्रणा हातोडीला सोडून देते आणि शेवटचं किंचितसं अंतर ती मोकळी, स्वतःच्या वेगाने जाते. तारेवर आदळून लगेच मागे येते. ती तशी सुटी झाली नाही तर तारेला चिकटून राहील आणि आवाज तिथेच मरेल. याचा अर्थ असा की हातोडी सुटल्यावर वादकाच्या हाती काही उरत नाही. सतारीसारखी मींड काढता येत नाही, व्हायोलिनसारखा सूर वाजत असताना वाढवता येत नाही, गळ्यासारखा थरथरवता येत नाही. एका स्वरापुरतं बोलायचं तर वादक फक्त तीन गोष्टी ठरवतो: हातोडी किती वेगाने सुटावी, केव्हा सुटावी आणि स्वर केव्हा थांबवावा.

तरीही दोन वादकांचा आवाज वेगळा येतो, कारण पियानोवर सहसा एक स्वर एकटा वाजत नाही. एका वेळी सहा-सात स्वर वाजत असतील तर त्यांतला कोणता पुढे आणायचा आणि कोणते मागे ढकलायचे हा निर्णय प्रत्येक क्षणी नव्याने घ्यावा लागतो. करंगळीखालचा स्वर उजळायचा आणि त्याच हाताच्या अंगठ्याखालचा जवळजवळ पुसून टाकायचा, हे बोटाच्या वजनाचं काम. त्यात वेळेची बारीक ओढाताण येते: एखादा स्वर कानाला जेमतेम कळेल इतका उशिरा आणायचा, तर एखादी ओळ श्वास न घेता पुढे रेटायची. उजव्या पायाखालच्या पेडलने सगळ्या तारा मोकळ्या होतात आणि न वाजवलेल्या तारासुद्धा गुणगुणू लागतात. ते पेडल पूर्ण दाबायचं, अर्धं दाबायचं की नुसतं थरथरवायचं हे स्वरलिपीत धडपणे लिहिताही येत नाही. सभागृह रिकामं की भरलेलं यावरही ते बदलतं, कारण माणसांचे कपडे आवाज शोषतात.

म्हणजे वादकाचं खरं काम आहे स्वतः काढलेला आवाज त्याच क्षणी ऐकणं आणि पुढच्या क्षणाचा निर्णय त्यावरून घेणं. बोटं सरावाने तयार होतात, आणि स्पर्धेत उतरलेल्या प्रत्येकाची ती तयार असतातच. पुढचा पल्ला कानाचा. मला हा सिनेमा पटतो तो यासाठी की त्याला ही गोष्ट नीट माहीत आहे. जिनकडे पियानो नाही, तो आवाज न करणाऱ्या लाकडी पट्ट्यांवर सराव करतो. प्रथम पाहताना हा गरिबीचा देखावा वाटतो. पण आवाज येतच नसेल तर मुलाला तो आतून ऐकावा लागतो, आणि जिनचं सगळं बळ तिथलं आहे. कादंबरीत अंतिम फेरीच्या तालमीला तो आधी वाजवतच नाही. वाद्यवृंदाला वाजवायला सांगून स्वतः सभागृहात फिरत ऐकतो आणि मग काही वादकांच्या जागा हलवायला लावतो, कारण मंचाच्या लाकडी जमिनीत काहीतरी बदललंय हे त्याच्या कानाला कळलेलं असतं. अनुभवी मंडळी आधी वैतागतात, मग पुन्हा वाजवून पाहतात आणि गप्प बसतात.

रिकामी सोडलेली जागा

आता कडेन्झा. कॉन्चेर्तो म्हणजे एक वादक विरुद्ध किंवा एक वादक अधिक पूर्ण वाद्यवृंद. मोझार्टच्या काळात, अठराव्या शतकात, त्यात एका ठिकाणी वाद्यवृंद थांबायचा आणि एकल वादक आयत्या वेळी सुचेल ते वाजवायचा. तो कडेन्झा. श्रोते त्याचीच वाट बघायचे. पुढे संगीतकारांना वादकांचा भरवसा वाटेनासा झाला. बेथोव्हेनने आपल्या पाचव्या कॉन्चेर्तोमध्ये कडेन्झाच्या जागी स्पष्ट लिहून ठेवलं की इथे मनाचं काही वाजवू नका, मी लिहिलंय तेच वाजवा. एकोणिसाव्या शतकात हे सार्वत्रिक झालं. कडेन्झे छापील झाले, आणि आयत्या वेळी रचणं ही एकेकाळी प्रत्येक पियानोवादकाला येणारी गोष्ट अभ्यासक्रमातून जवळपास गेली. आज पाच तास बिनचूक पाठ वाजवणारा विद्यार्थी ‘तुला वाटेल ते वाजव’ म्हटलं की घाबरतो.

सिनेमातल्या दुसऱ्या फेरीच्या रचनेचं नाव आहे ‘हारु तो शुरा’, वसंत आणि असुर. ते केन्जी मियाझावा या कवीच्या १९२४ च्या संग्रहावरून घेतलंय. मियाझावा ईशान्य जपानमधल्या इवाते प्रांताचा. शेतकऱ्यांत राहून काम करणारा, चेलो वाजवणारा, १९३३ मध्ये सदतिसाव्या वर्षी वारलेला. हा संग्रह त्याने स्वतःच्या पैशाने छापला होता. त्यातल्या सर्वांत हेलावणाऱ्या कविता बहीण तोशी हिच्या मृत्यूवरच्या आहेत. नोव्हेंबर १९२२, बाहेर पाऊस आणि बर्फ मिसळून पडतंय, आणि तापाने फणफणलेली तोशी भावाला इवातेच्या बोलीत म्हणते, ‘अमेयुजु तोतेचिते केन्जा’. तो ओला बर्फ आणून दे ना रे. भाऊ वाडगा घेऊन अंगणात धावतो. जपानमधल्या कित्येकांना ही ओळ शाळेपासून पाठ असते.

तर या रचनेत कडेन्झाची जागा आहे आणि तिथे एवढीच सूचना लिहिली आहे: मोकळेपणाने, विश्वाची जाणीव ठेवून. चौघांना तेच पान मिळतं.

आकाशी त्या बोलीतल्या ओळीलाच सूर देतो. साधी, गुणगुणता येईल अशी चाल, कुठेही दिखाऊ झेप नाही. दुकानातली नोकरी सांभाळून, मूल झोपल्यावर तालीम करणाऱ्या माणसाचं हे संगीत आहे. संगीत हे घर चालवणाऱ्या माणसांचंही असतं, ते फक्त चोवीस तास पियानोसमोर बसणाऱ्यांची मिरास नाही, असं तो उघड म्हणतोही. मासारुचा कडेन्झा भव्य आहे: दोन्ही हातांनी एकच स्वर दोन सप्तकांत एकदम दणदणीत वाजवत, पियानोच्या टोकापासून टोकापर्यंत. तो आयत्या वेळी सुचल्यासारखा वाटतो, पण प्रत्येक स्वर आधी बेतलेला आहे. मासारु तसाच आहे, आणि त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नाही.

जिन असुराकडे वळतो. त्याच्या कडेन्झात स्वर एकमेकांवर आदळतात, कान दुखावतात. डोंगरात, रानात, वाऱ्यापावसात वाढलेल्या मुलाला निसर्ग म्हणजे फक्त फुलं असं कसं वाटेल? ज्या देशात भूकंप आणि त्सुनामी पिढ्यान्‌पिढ्या गावं गिळत आल्या आहेत त्या देशातल्या श्रोत्याला तो आवाज कशाचा हे विचारावं लागत नाही. आणि आया, जिनला ऐकून, आपण ठरवून ठेवलेलं बाजूला सारते. जिनने जे उद्ध्वस्त केलं त्यावर माती पसरून पुन्हा काही उगवावं, असं तिचं वादन रुंद होत जातं.

पाठीमागचे हात

पडद्यावर आयत्या वेळी सुचलेले वाटणारे हे चारही कडेन्झे प्रत्यक्षात एकाच माणसाने लिहिले आहेत. दाई फुजिकुरा, जन्म १९७७, ओसाका. पंधराव्या वर्षी इंग्लंडला शिकायला गेला तो तिथलाच झाला, लंडनमध्ये राहतो. जगातल्या मोठमोठ्या वाद्यवृंदांसाठी लिहिणारा हा संगीतकार. कादंबरीत या रचनेचं नुसतं शब्दांतलं वर्णन होतं. त्यावरून त्याला खरी रचना करायची होती आणि वर चार वेगळ्या स्वभावांच्या माणसांच्या जागी बसून त्यांना काय सुचेल तेही लिहायचं होतं. नाटककार पात्रांचे संवाद लिहितो, फुजिकुराने स्वरांत तेच केलं. माझ्या मते या सिनेमातला सर्वांत अवघड अभिनय त्याचा आहे, आणि तो एकदाही पडद्यावर येत नाही.

मग वाजवायला चार वेगळे वादक घेतले. सोय पाहिली असती तर एकाच पियानोवादकाकडून चौघांचं वाजवून घेता आलं असतं. प्रेक्षकांतल्या फार थोड्यांच्या ते लक्षात आलं असतं. पण मग वर सांगितलेला सगळा फरक, म्हणजे बोटाचं वजन, पेडल, वेळेची ओढाताण, एकाच माणसाचा झाला असता. आयासाठी हिसाको कावामुरा, आकाशीसाठी कोतारो फुकुमा, मासारुसाठी मियुजी कानेको आणि जिनसाठी माओ फुजिता. निवड विचारपूर्वक आहे. कानेकोचे वडील जपानी, आई हंगेरीची, शिक्षण बुडापेस्टमधल्या लिस्ट संगीत अकादमीत. दोन संस्कृतींत वाढलेल्या मासारुला तो शोभतो. पडद्यावर मासारु झालेला विन मोरिसाकी मूळचा म्यानमारमधल्या यांगूनचा, ही आणखी एक जुळणारी बाजू. जिनचा आवाज झालेला फुजिता तेव्हा वीस वर्षांचा होता. सिनेमा प्रदर्शित होण्याच्या थोडंच आधी, जून २०१९ मध्ये, मॉस्कोच्या चायकोव्स्की स्पर्धेत तो दुसरा आला आणि त्याच्या हलक्या, जवळजवळ खेळकर बोटांची चर्चा जगभर झाली. जिनचं वादन कसं असावं हे कादंबरीने लिहिलं होतं. त्या वर्णनाच्या इतक्या जवळचा माणूस खऱ्या जगात सापडणं हा योग विलक्षण.

पडद्यावरचे चौघे म्हणजे मायु मात्सुओका (आया), तोरी मात्सुझाका (आकाशी), मोरिसाकी आणि तेव्हा अगदी नवखा असलेला ओजी सुझुका (जिन). म्हणजे पडद्यावरची एक ‘प्रतिभा’ घडवायला नट, वादक, संगीतकार, लेखिका आणि दिग्दर्शक अशी पाच माणसं लागली. मात्सुओकाचं विशेष कौतुक करायला हवं. तिच्या आयाला बोलायला फार कमी आहे. मंचामागच्या अंधारात उभी असताना ती मंचाकडे ज्या नजरेने बघते, त्यात पळून जावंसं वाटणं आणि तिथेच जावंसं वाटणं दोन्ही असतं.

वीस वर्षांची आया

जपानीत एक जुनी म्हण आहे: दहाव्या वर्षी चमत्कार, पंधराव्या वर्षी हुशार, विशी ओलांडली की चारचौघांसारखा. आयाचं वय वीस आहे हे लेखिकेने मुद्दाम ठेवलं असणार.

लहानपणी चमकलेली मुलं पुढे का अडखळतात, याची संगीतातली उदाहरणं भरपूर आहेत. व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन अकरा-बारा वर्षांचा असताना जग जिंकून बसला होता. मोठेपणी त्याला स्वतःचंच तंत्र पहिल्यापासून तपासून पाहावं लागलं, कारण लहानपणी हात जे आपोआप करत होते ते कसं करत होते हेच त्याला माहीत नव्हतं. आयाचं दुखणं त्याहून खोल आहे. तिच्यासाठी वाजवणं म्हणजे आईशी बोलणं होतं. आई गेल्यावर पियानो तोच राहिला, पण त्यातून ऐकू येणारं नाहीसं झालं. यात तंत्र हरवलेलं नाही, म्हणून तंत्राने ते परतही येत नाही.

परत येतं ते एका रात्री. पियानो दुरुस्तीच्या कारखान्यात आया आणि जिन शेजारी-शेजारी दोन पियानोंवर बसतात. खिडकीत चंद्र आहे. जिन देब्युसी या फ्रेंच संगीतकाराची चांदण्यावरची प्रसिद्ध रचना सुरू करतो, आया तिच्यात शिरते, तिथून दोघं कागदी चंद्रावरच्या जुन्या अमेरिकन गाण्यात जातात आणि तिथून बेथोव्हेनच्या ‘मूनलाइट’कडे. अभ्यास नाही, परीक्षक नाही. एक विचारतो, दुसरी उत्तर देते. सिनेमातला माझा सर्वांत आवडता प्रसंग हा. आयाला सात वर्षांत प्रथमच समोरून कुणीतरी ऐकतंय असं वाटतं, आणि कडेन्झात ती जिनला जे उत्तर देते त्याची तयारी इथेच झालेली असते.

अंतिम फेरीतल्या कॉन्चेर्तोंबद्दल थोडक्यात. तिथे तिघे पोचतात. मासारु रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हचा दुसरा कॉन्चेर्तो वाजवतो, आया त्याचाच तिसरा (कादंबरीत हे उलट आहे), आणि जिन हंगेरीच्या बार्टोकचा तिसरा. प्रोकोफिएव्हच्या दुसऱ्या कॉन्चेर्तोची मूळ संहिता रशियन क्रांतीनंतरच्या धामधुमीत जळाली आणि त्याला ती नव्याने लिहावी लागली. त्यातला पहिल्या भागातला कडेन्झा कित्येक मिनिटं चालतो आणि वादकाचा घाम काढतो. बार्टोकचा तिसरा म्हणजे १९४५ साली न्यूयॉर्कमध्ये, रक्ताच्या कर्करोगाने खंगत असताना, पियानोवादक पत्नीला वाढदिवसाची भेट म्हणून लिहायला घेतलेली रचना. शेवटच्या सतरा मात्राखंडांचं काम राहिलं आणि तो गेला. ते त्याच्या मित्राने पुरं केलं. तिच्या मधल्या भागात पक्ष्यांचे आणि किड्यांचे आवाज आहेत. मधमाश्यांमध्ये वाढलेल्या मुलाला दुसरी कुठली रचना देणार?

निकाल इथे सांगत नाही. सिनेमाही तो फार थाटात सांगत नाही. २०१९ च्या सिनेमांसाठीच्या माइनिची चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान याला मिळाला, आणि एवढ्या संथ, अबोल सिनेमाला तो मिळाला याचा मला फार आनंद आहे.

सिनेमा हाती लागला नाही तरी चारही वादकांनी आपापल्या पात्राच्या नावाने चार वेगळे अल्बम केले आहेत, आणि ‘हारु तो शुरा’ त्या प्रत्येकात आहे. ते ऐकताना क्रम पाळावा. आधी आकाशीचं, कारण त्यातली चाल सर्वांत सोपी आहे आणि कडेन्झा कुठे सुरू होतो ते त्यात लगेच कळतं. मग मासारुचं. मग जिनचं, आवाज थोडा कमी करून. आयाचं सर्वांत शेवटी. ते जिनला दिलेलं उत्तर आहे, आणि जिनचं आधी ऐकलं नसेल तर ती कशाचं उत्तर देतेय हेच कळत नाही.